उरलेली बाटली फेकू नका: औदे क्रीक कशी चाखायची

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सहलीत ब्रसेल्सला चेरीची बीअर प्यायलात. लालचुटुक, गोड, सगळ्यांनाच आवडली. यंदा लुवेनला शिकणाऱ्या भाच्याने ‘तीच, पण अस्सल’ म्हणून दोन बाटल्या आणून दिल्या. लेबलवर ‘औदे क्रीक’ लिहिलेलं, म्हणजे जुन्या पद्धतीची चेरीची बीअर. कपाटात आडवी ठेवलेली बाटली रविवारी मित्र जमल्यावर काढली आणि थोडी गार करून लगेच उघडली. बूच उडालं, निम्मी बीअर टेबलावर गेली, उरलेली गढूळ. वास गोठ्याचा आणि थोडा व्हिनेगरचा, गोडवा औषधालाही नाही, फेस दोन मिनिटांत गायब, आणि गिळल्यावर कडसर बदामासारखं काहीतरी. एका मित्राने घोट सरळ सिंकमध्ये थुंकला. तुम्ही विचारताय की बाटली प्रवासात खराब झाली का, दुसरी कशी प्यायची, आणि साखर घातली तर चालेल का.

मी व्यवसायाने बीअर बनवतो आणि स्पर्धांमध्ये परीक्षक म्हणूनही बसतो. आंबट बीअर टेबलावर आली की ‘ही नासलेली आहे की अशीच असते’ हा प्रश्न शिकाऊ परीक्षकांनाही पडतो, त्यामुळे त्यात ओशाळण्यासारखं काही नाही. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी व्हिनेगर सोडलं तर बाकी सगळी धडधाकट औदे क्रीकची आहेत. व्हिनेगर किती होतं यावर बाटलीचा निकाल ठरतो, आणि ते इथे बसून मला सांगता येणार नाही. पण खरी अडचण मला वेगळीच दिसते. नाव एकच असलेल्या दोन वेगळ्या बीअर तुम्ही प्यायलात आणि दुसरीला पहिलीचे निकष लावलेत.

दोन्हींचा पाया लँबिक नावाची बीअर. ब्रसेल्स आणि त्याच्या नैर्ऋत्येचा पायोटेनलँड हा तिचा मुलूख. माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीबरोबर, 30 ते 40 टक्के मोड न आणलेला गहू, आणि दोन-तीन वर्षं जुने, कडवटपणा आणि सुगंध बराचसा गमावलेले हॉप्स, म्हणजे बीअरला कडवटपणा देणारी फुलं. उकळलेला काढा उथळ, पसरट, उघड्या तांब्याच्या किंवा स्टीलच्या कढईत रात्रभर निवायला ठेवतात. यीस्ट कोणी घालत नाही. हवेतून, तुळयांवरून, पिंपांच्या लाकडातून जे जंतू येतील तेच तो आंबवतात. म्हणून हा उद्योग साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढाच चालतो, उन्हाळ्यात नको ते जंतू फार येतात. पुढे लाकडी पिंपात एक ते तीन वर्षं. सुरुवातीचे काही आठवडे आतड्यात सापडणाऱ्या जातीचे जीवाणू, मग नेहमीचं बीअरचं यीस्ट, मग काही महिन्यांनी पेडिओकॉकस हा आम्ल करणारा जीवाणू, आणि सगळ्यांच्या मागून सावकाश काम करणारं ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट. तुमच्या गोठ्याच्या वासाचा मालक तोच. त्याच्याकडे पुढे येतोच.

आंबट चेऱ्या उन्हाळ्यात निघाल्या की अख्ख्या, बियांसकट या लँबिकमध्ये पडतात. प्रमाण बीअर बनवणाऱ्या घराण्यागणिक बदलतं, पण लिटरमागे 200 ते 400 ग्रॅम हा सर्वसाधारण पल्ला. औट बेर्सेलवाले 400 ग्रॅम घालतात. चेरीतली साखर मिळाली की आंबणं पुन्हा सुरू होतं आणि काही महिन्यांत ती साखर सगळी संपते. मग बाटलीत भरतात, तिथे आणखी थोडं आंबून वायू तयार होतो. म्हणजे चेरीचा वास, रंग, आंबटपणा आणि सालींचा तुरटपणा बाटलीत पोचतो, गोडवा मात्र वाटेतच संपतो. तुमच्या मित्राची फसगत इथेच झाली. नाकाने चेरी ओळखली की जीभ साखरेची वाट बघते, आणि साखर येत नाही म्हटल्यावर तोच आंबटपणा दुप्पट वाटतो.

सहलीत प्यायलात ती दुसरी वाट. लँबिकमध्ये चेरीचा रस आणि गोडवा घालायचा, मग गाळून पाश्चराइज करायची, म्हणजे यीस्ट मेलं आणि साखर जशीच्या तशी राहिली. लिंडेमान्सची क्रीक या पठडीतली सगळ्यांत ओळखीची, मद्यार्क जेमतेम 3.5 टक्के. औदे क्रीक बहुधा 5 ते 7 टक्क्यांत असते. लेबलवरचा ‘औदे’ हा शब्द शोभेचा नाही. 1997 पासून युरोपीय संघात तो पारंपरिक पद्धतीसाठी राखून ठेवलेला आहे. गोड क्रीकला नाकं मुरडणाऱ्या जाणकारांचा मला कंटाळा आहे. भर दुपारी, थंडगार, जेवणाआधी ती छान लागते. फक्त तिच्याकडून दुसरीची अपेक्षा करू नये, आणि उलटही.

तिसरी एक शाखा आहे, तीही भाचा कधीतरी आणेल म्हणून सांगून ठेवतो. फ्लँडर्समधल्या औदेनार्डेची लीफमान्स ब्रूअरी लँबिकऐवजी आंबट तपकिरी बीअरमध्ये चेऱ्या मुरवते. तिच्यात माल्टची मनुकेदार, टॉफीसारखी बैठक असते, रानटी वास जवळजवळ नाही. आंबटाची सवय नसलेल्याला औदे क्रीकच्या आधी मी हीच देतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईच्या मायक्रोब्रूअरींत जांभूळ, कोकम वगैरे घातलेली ‘सावर’ मिळते ती बहुधा केटल सावर: लॅक्टोबॅसिलस घालून काढा एक-दोन दिवसांत आंबट करायचा, उकळून जीवाणू मारायचे, मग साधं यीस्ट. स्वच्छ, सरळ, दह्याचा आंबटपणा. चांगली असते, पण तिच्यावरून औदे क्रीकचा अंदाज येत नाही.

आता चाखण्याकडे. आंबट बीअर तपासताना मी ‘किती आंबट’ हे शेवटी बघतो. आधी बघतो कोणतं आम्ल आहे. चांगल्या औदे क्रीकमध्ये मुख्यतः दोन असतात. एक लॅक्टिक, म्हणजे दह्याताकातलंच आम्ल. ते मऊ असतं, जिभेवर पसरतं आणि त्याला स्वतःचा असा वास फारसा नसतो. दुसरं मॅलिक, चेरीतून आलेलं, कच्च्या सफरचंदातही तेच. ते टोकदार, जबड्याच्या कडांना झटकन लाळ सुटते. तिसरं असेटिक, म्हणजे व्हिनेगर. लाकडी पिंपात थोडी हवा जातेच, त्यामुळे ते अगदी शून्य क्वचितच असतं. चिमूटभर असेल तर चेरीला धार येते. जास्त झालं की ते आधी नाकात चढतं, मग घशात जळतं, आणि मागचं काही चाखू देत नाही.

हे ओळखायला घरच्या घरी एक सराव करून बघा, दुसरी बाटली उघडायच्या आदल्या दिवशी. मी नव्या मुलांना हाच देतो. चार पेले पाणी घ्या. पहिल्यात चक्का टांगल्यावर खाली गळलेलं पाणी दोन-तीन चमचे. दुसऱ्यात पांढरं व्हिनेगर अर्धा चमचा. तिसऱ्यात लिंबाचा रस चमचाभर. चौथ्यात पाणी नुसतंच ठेवा आणि सोबत हिरव्या सफरचंदाची फोड. आधी नुसता वास घ्या: पहिल्याला दुधाचा किंचित वास, दुसरा डोळे मिटूनही कळतो. मग घोट घ्या आणि लक्ष एवढंच ठेवा की आंबट तोंडात कुठे लागतं, किती वेळ टिकतं आणि गिळताना घसा काय म्हणतो. लिंबाचं आम्ल चेरीच्या बीअरमध्ये महत्त्वाचं नाही. ते यासाठी की आपण आंबट म्हटलं की डोक्यात लिंबू किंवा चिंच येते आणि सगळ्याची तुलना त्यांच्याशी होते. हा सराव केलात तर ‘व्हिनेगरसारखा वास’ खरंच व्हिनेगरचा होता की नुसत्या आंबटपणाला दिलेलं नाव होतं, हे तुमचं तुम्हालाच कळेल. माझ्या अनुभवात नवख्या माणसाने ‘व्हिनेगर’ म्हटलेल्या लँबिकपैकी बऱ्याच बाटल्यांत निव्वळ लॅक्टिक आम्ल निघतं.

आंबटपणा किती तेही सांगतो. साध्या बीअरचा पीएच साधारण 4.2 ते 4.5, लँबिकचा 3.2 ते 3.5 च्या आसपास. पीएच एकने उतरला की आम्लता दहापट होते, त्यामुळे आकडे जवळचे वाटले तरी तोंडाला ते वेगळं जग आहे. कोरड्या पांढऱ्या वाइनच्या पंक्तीतलं. म्हणूनच औदे क्रीक मगभर पिण्याची बीअर मानू नका. तुमची 375 मिलिलिटरची बाटली असेल तर दोघांना, 750 ची असेल तर चौघांना पुरेशी.

गोठ्याच्या वासाबद्दल. ब्रेटानोमायसिस फिनॉल नावाची काही संयुगं बनवतं आणि त्यांचा वास इंग्रजी बोलणारे घोड्याच्या घोंगड्याचा म्हणतात. ज्यांचं बालपण गावाकडे गेलं त्यांना तो थेट गोठ्याचा वाटतो: वाळलेलं गवत, जनावराचं अंग, जुनं चामडं. कमी प्रमाणात असेल तर चेरीच्या मागे तो एक खोली आणतो, जशी मुरलेल्या चीजला असते. वाढला की औषधी पट्टीसारखा, दवाखान्याचा वास येतो, आणि तो मी दोष धरतो. पेला हलकेच फिरवून पाच मिनिटं ठेवा आणि पुन्हा हुंगा. निरोगी बीअरमध्ये गोठा मागे सरतो आणि चेरी पुढे येते. तसं झालंच नाही, दहा मिनिटांनंतरही गोठा तिथेच बसून राहिला, तर ती बीअर एकतर म्हातारी झालीय किंवा तिच्यात फळ मुळात कमी पडलंय.

बदामाचं गुपित बियांमध्ये आहे. चेरीच्या बीत अमिग्डॅलिन असतं, त्यातून बेन्झाल्डिहाइड सुटतं, आणि बदामाच्या अर्काचा वास म्हणजे हेच संयुग. बिया काढलेल्या किंवा नुसता रस घातलेल्या बीअरमध्ये हा धागा कमी सापडतो. तुम्हाला तो शेवटी लागला याचा अर्थ अख्ख्या चेऱ्या पुरेसा वेळ आत होत्या. मला तरी हीच औदे क्रीकची सगळ्यांत सुंदर खूण वाटते: गिळून झालं, आंबट ओसरलं, आणि मग बदाम येतो, वर किंचित दालचिनी. जीभ किंचित खरखरीत होते तो सालीचा, बियांचा आणि ओकच्या लाकडाचा तुरटपणा.

चेऱ्या कुठल्या हे विचारणारेही भेटतात. ब्रसेल्सचाच एक भाग असलेलं स्कारबेक हे या बीअरच्या मूळ चेरीचं गाव. छोटी, गडद, आंबट, बी मोठी. तिथले शेतकरी गाढवांवर चेऱ्या लादून शहराच्या बाजारात न्यायचे, म्हणून स्कारबेकला आजही गाढवांचं शहर म्हणतात आणि तिथले लोक ते मिरवतात. आता तिथे घरं आणि रेल्वेरूळ, झाडं उरली ती पायोटेनलँडमधल्या परसबागांत. द्री फोंतेनेनसारखं घराणं तिथल्या लोकांकडून त्या गोळा करून वेगळी बाटली काढतं. बाकी बहुतेकांच्या चेऱ्या पोलंडसारख्या पूर्वेकडच्या देशांतून येतात, आणि त्याने बीअर हलक्या दर्जाची होते असं मुळीच नाही. त्यामुळे तुमच्या लेबलवर स्कारबेक नसेल तर हळहळू नका.

आता दुसरी बाटली. आडवी ठेवली होतीत ते योग्यच, बूच ओलं राहतं. चूक पुढची: तळाचा गाळ बाजूला पसरलेला असताना ती उभी केली आणि पुरती गार होण्याआधीच उघडली. आतला वायू त्या गाळाच्या कणांवर एकदम सुटतो आणि कारंजं उडतं. बेल्जियमच्या जुन्या कॅफेत बाटली वेताच्या टोपलीत आडवीच आणतात, तशीच उघडतात आणि न हलवता ओततात. आपल्याकडे टोपली नाही, तर सोपं करा. दोन-तीन दिवस आधी बाटली फ्रीजमध्ये उभी ठेवा, दारात नको, दार उघडबंद होताना ती हलते. पिण्याच्या दिवशी बाहेर काढून पुण्याच्या हवेत दहा-पंधरा मिनिटं, हिवाळ्यात अर्धा तास. 8 ते 12 अंशांच्या दरम्यान ती बोलू लागते. फ्रीजमधून काढल्या काढल्या प्यायलात तर वास दबलेला आणि आंबट-तुरट तेवढं पुढे, म्हणजे नेमकं उलटं.

तार सोडताना अंगठा बुचावर ठेवा, बुचावर फडकं घ्या, बूच घट्ट धरून बाटली फिरवा. नळाजवळ उघडा, टेबलावर नको. पेला वाइनचा किंवा ट्यूलिपच्या आकाराचा; स्टीलचे पेले नि बीअरचे मग दोन्ही बाद. साबणाचा वास राहिला असेल तर नुसत्या गरम पाण्याने विसळा, फेस मरायला साबणही पुरतो. पेले शेजारीशेजारी मांडा आणि बाटली एकदा तिरकी केली की सगळे पेले भरेपर्यंत सरळ करू नका. शेवटचा दीड-दोन बोटांचा गढूळ भाग बाटलीत राहू द्या. तो विषारी नाही, यीस्टच आहे, हवा तर वेगळा चाखा; पण पहिल्या पेल्यात नको.

पेला एक तृतीयांश भरा आणि लगेच नाकाशी नेऊ नका. आधी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग बघा. ताजी औदे क्रीक माणकासारखी लाल, फेस गुलाबी. वय वाढलं की लाल रंग विटकरीकडे जातो, चेरीतली रंगद्रव्यं टिकत नाहीत. फेस लवकर बसला तर काळजी नको, एवढ्या आम्लात फेस फार टिकत नाही. मग दोन-तीन छोटे श्वास. पहिला वास चेरीचा आला पाहिजे, मग मागे लाकूड, गवत, बदाम. पहिल्या घोटावरून मत बनवू नका, हे मी परीक्षकांनाही बजावतो. पहिल्या घोटाला तोंड नुसतं आम्लाला दचकतं आणि लाळ सोडतं. दुसरा घोट तोंडात फिरवा. तिसऱ्यापासून चव खरी. दोन घोटांमध्ये साधं पाणी आणि पावाचा तुकडा. चकली, फरसाण, लसणाची चटणी नंतर. तिखटाने पोळलेल्या जिभेला आम्ल झोंबतं आणि दोष बीअरला लागतो.

गिळल्यावर दहा-वीस सेकंद थांबा. ही सगळ्यांत दुर्लक्षित पायरी. काही लँबिकमध्ये एक संयुग असतं, टीएचपी म्हणतात, त्याचा वास पेल्यात येत नाही. लाळेने तोंडातली आम्लता कमी झाली की ते उघडं पडतं आणि जिभेच्या मागे शिळ्या पोह्यांसारखी, उंदराच्या पिंजऱ्यासारखी चव उमटते. काहींना ती तीव्र लागते, शेजारच्याला अजिबात जाणवत नाही, आणि मग टेबलावर भांडणं होतात. बाटली भरल्यानंतर हा दोष येतो आणि पुष्कळदा आणखी काही महिने ठेवल्यावर ओसरतो. तेव्हा तो लागला तर ती बाटली गेली, पण त्याच खेपेची दुसरी कदाचित वाचेल.

मग खराब बाटली कशी ओळखायची? नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास आणि घशात जळजळ, दोन्ही एकत्र असतील तर बुचातून हवा शिरलीय, ती ओतून द्या. ओकारीचा किंवा खवट लोण्याचा वास, ओतून द्या. ओला पुठ्ठा, कुबट तळघर, तर बूच दूषित आहे. चेरीचा मागमूस नाही, रंग चहासारखा आणि चव सपाट, तर उन्हाने किंवा वयाने संपली. सामानात उन्हातून आलेली बाटली एप्रिल-मेमध्ये कपाटात पडून राहिली असेल तर ही शक्यता मी नाकारणार नाही. पहिली बाटली अशी होती का, हे तुमच्या वर्णनावरून ठरत नाही. गोठा, बदाम, गढूळपणा, गेलेला फेस हे चारही मुद्दे मात्र दोषांच्या यादीतून काढून टाका.

साखर घालावी का? खुशाल घाला, आणि कोणी शुद्धतेचं व्याख्यान दिलं तर त्याला सांगा की ब्रसेल्सच्या जुन्या कॅफेंत लँबिकबरोबर साखरेचे खडे द्यायचे आणि पेल्यात ते ठेचायला धातूची छोटी दांडीही असायची, स्टूम्पर नावाची. फाऱो नावाची गोड केलेली लँबिक तिथे पिढ्यान्‌पिढ्या पितात. फक्त दोन गोष्टी. आधी निम्मा पेला साखरेशिवाय प्या, नाहीतर काय बदललं तेच कळणार नाही. आणि साखर सुकी टाकू नका, वायू एकदम सुटून पेला उतू जातो. गार केलेला साखरेचा पाक पाव चमचा पुरतो. माझं मत विचाराल तर साखरेने आंबट झाकलं जातं पण बदामही झाकला जातो, आणि बदामासाठीच तर एवढा खटाटोप. तरीही तुमच्या त्या मित्राला पाव चमचा द्या. रागावलेल्या माणसाला काही चाखता येत नाही.

सोबत काय खायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण निम्मं काम तेच करतं. ब्रसेल्सचा जुना जोडीदार म्हणजे पावाच्या जाड तुकड्यावर प्लाटेकास हे मऊ पांढरं ताजं चीज, वर मुळ्याच्या चकत्या आणि कांद्याची पात. आपल्याकडे हे करणं सोपं आहे: श्रीखंडाआधीचा चक्का, साखर न घातलेला, थोडं मीठ, भरडलेली मिरी, पातळ मुळा, पात. चक्क्याच्या स्निग्धपणावर बीअरचं आम्ल छान बसतं आणि दोघांतलं लॅक्टिक एकमेकांना ओळखतं. बदकाचं किंवा डुकराचं तेलकट मांस, कलेजी, बकरीच्या दुधाचं चीज, कडू चॉकलेट हेही चालतं. गुलाबजाम किंवा कोणतंही पाकातलं गोड मात्र सोबत घेऊ नका, त्यापुढे ही बीअर निव्वळ आंबट पाणी लागेल. आणि प्यायल्यावर लगेच दात घासू नका, आम्लाने दातांवरचा थर थोडा वेळ मऊ पडलेला असतो. पाण्याने चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तास जाऊ द्या.

राहता राहिलं, दुसरी बाटली आत्ता उघडावी की ठेवावी. लेबलवर दहा वर्षांनंतरची तारीख असेल आणि कोणी सांगेल की मुरू दे. फळ न घातलेली ग्यूझ, म्हणजे वेगवेगळ्या वयाच्या लँबिक मिसळून केलेली बीअर, असती तर मीही तेच म्हटलं असतं. क्रीकचं गणित वेगळं आहे: बीअर टिकते, चेरी टिकत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत फळ भरात असतं, पुढे ते ओसरतं आणि मागे उरते ती चांगली, पण चेरी नसलेली जुनी लँबिक. फळासाठी पीत असाल तर या पावसाळ्यातच उघडा, हवा थंडावलेली असते आणि पेला लवकर तापत नाही. उघडलेली उरली तर बूच दाबून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा. वायू जाईल, पण वास बराच राहतो, आणि आंबट चेरीची गिळल्यानंतरची चव नीट कळायला ती थोडी बसलेली बीअर कधीकधी जास्त उपयोगी पडते. बाटलीवरचं घराण्याचं नाव, भरल्याचं वर्ष आणि गिळल्यावर वीस सेकंदांनी काय लागलं एवढं कळवलंत तर पहिल्या बाटलीबद्दलही बऱ्यापैकी खात्रीने सांगता येईल.